काठावरचा गोलकीपर

आता हसाचंच असन तर आधीच हसून घ्या. माह्या तोंडानं माहीच टीम कशी हरवली, थे सांगून राह्यलो.

मी अल्लीपूरचा. शेतातल्या विहिरीत पवायले शिकलो. पाठीले डबा बांधला अन् बाबांनं देल्लं ढकलून. पण विहिरीत पवून पवून माणूस जाईन कुठं? चार हात मारले का भिंत. त्याच्यानं मी एकच गोष्ट पक्की शिकलो, पाण्यात उभं राहाची. गप्पा मारत तासभर उभा राहो. कॉलेजात वॉटरपोलोच्या सरांनं मले पाह्यलं अन् म्हणाले, "याले धड पवता येत नाई, पण हा बुडत बी नाई. गोलमध्ये टाका याले."

झालो गोलकीपर. त्याले मांगून सारा खेळ दिसते, म्हणून बोंबलाचं काम त्याचंच. कोणी जरा समोर गेला का मी सुरू, "मांगं ये बे, मांगं ये." आमचा नरेश साऱ्यात जास्त गोल मारे. त्याचं नाव मी इतकं घेतलं का त्याच्या मायनं बी नसन घेतलं. काय दिवस होते थे बाप्पा. क्लोरिननं डोळे लाल, केस भुरके, अन् मॅच झाली का साऱ्याईले एकाच प्लेटीत तर्री-पोहा.

आता मी वर्ध्याच्या एका कॉलेजात पोरींच्या टीमचा कोच. यंदा प्राचार्य मॅडमनं बोलावून सांगितलं, "सर, नागपूरच्या टीमला हरवा, नाहीतर वॉटरपोलो बंद." मले जेवण गोड लागेना. टीम बंद म्हंजे पोरी घरी अन् मी बी घरी. अन् नागपूरचा कोच कोण? आपला नरेशच.

मॅच बरोबरीत, शेवटचं मिनिट. आमची सिंदी मेघेची प्रणाली बॉल घेऊन सुटली. समोर फक्त त्यांची गोलकीपर. सारे लोक उभे, मी बी काठावर उभा. अन् माह्या तोंडातून निघालं काय?

"प्रणाली, मांगं ये!"

पोरगी आज्ञाधारक. थांबली, वळली. "काय झालं सर?" तेवढ्यात तिच्याजवळचा बॉल नागपूरच्या पोरीनं नेला. मंग मी घाबरलो. अन् मी घाबरलो का पुरा गोलकीपर होतो. "मांगं या, साऱ्याजणी मांगं या!" साऱ्या इमानदारीनं आल्या. आमच्याच गोलसमोर इतकी गर्दी झाली का आमच्या गोलकीपरले बॉल दिसेचना. गोल. शिटी. खल्लास.

प्रणाली काठाशी आली. "सर, मले काऊन बोलावलं?"

"माही चूक झाली बेटा," म्हटलं. लय वाईट वाटलं.

मॅडम आल्या. मी मान खाली घालून उभा. या खेळातलं त्यांना काही समजत नाई. म्हणाल्या, "हरलात, पण शिस्त बघितली मी. तुम्ही हाक मारली की सगळ्या कशा मागे येतात! आमच्या कॉलेजात कोण कोणाचं ऐकतं हो? राहू द्या टीम."

रडावं का हसावं समजेना. मॅडम गेल्या तसा नरेश आला, खांद्यावर हात टाकून म्हणे, "अबे, तू काहीच बदलला नाई. पाण्यात होता तवा बी असाच बोंबलत होता."

"मंग तवा आपण जिंकत कसे होतो बे?"

"तवा तुह्यं कोणी आयकत नव्हतं."