हरताळाच्या दिवशीची शिडाची शर्यत

मालवणहून मुंबईच्या बोटीत बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, धाकट्या भावाची शिडाच्या होडीची शर्यत बघायची. देवगड येईपर्यंत मी आडवी झाले. भाऊ दर्यावर नाव काढतोय आणि बहीण कठडा धरून ओकतेय, हे ऐकून शेजारची बाई पदराआड हसत राहिली.

भाऊच्या धक्क्यावर अनंत न्यायला आला होता. तो माझगावच्या गोदीत सुतार. एका क्लबातल्या होड्या दुरुस्त करता करता तिथल्या पारशी साहेबाने त्याला आपल्या दोनमाणशी होडीत शिडाची दोरी सांभाळायला घेतलं. पुढे साहेबाचे गुडघे धरले आणि सुकाणू अनंताकडे आलं. त्या हिवाळ्यात तो जिंकतच सुटला होता. आता उरलेल्या या एका शर्यतीत पहिला आला तर क्लब त्याला कोलंबोच्या सामन्यांना पाठवणार होता. गोदीतल्या सुताराला असं पुन्हा कोण पाठवणार?

लालबागला चाळीत पोचले, तर बाबांना माझ्याकडे बघायला सवड नव्हती. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता आणि ते दारोदार जाऊन लोकांना समजावत होते. सुकटीशी भाकरी खाताना अनंताने मला त्याची युक्ती सांगितली. सकाळी वारा पनवेलच्या बाजूने येतो, मग मरतो, आणि थोड्या वेळाने पश्चिमेचा वारा शहरावरून येतो. तो निघाला हे अनंताला गिरण्यांच्या चिमण्यांवरून कळे. धूर पूर्वेला झुकला की तो होडी शहराच्या काठाकडे नेई. बाकीचे वारा अंगाला लागल्यावर जागे होत.

ट्राम नसणार म्हणून आम्ही उजाडताच चालत निघालो. भायखळ्याला स्वयंसेवकांनी अडवलं. शर्यतीला जातोय म्हटल्यावर त्यातला एक जण "आजच्या दिवशी?" एवढंच म्हणाला. अनंत ओशाळला, पण पाय उचलत राहिला.

क्लबातल्या साहेबांना हरताळाशी घेणंदेणं नव्हतं. मी अपोलो बंदरच्या कठड्याशी उभी राहिले. पहिल्या फेरीत अनंत सगळ्यांच्या पुढे होता. मग वारा पडला आणि शिडं लुळी झाली. तो मान वळवून वळवून गिरणगावाकडे बघत होता. मीही तिकडे बघितलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. हरताळ म्हणून आम्ही ट्रामचा विचार केला होता. धुराचा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. वाट बघत तो पनवेलच्या बाजूलाच थांबला, आणि काठाजवळच्या होड्या नव्या वाऱ्यावर निघून गेल्या. अनंत चौथा आला.

संध्याकाळी बाबा घसा बसलेला, पण एखाद्या पोरासारखे खूश होऊन घरी आले. "एकाय चिमणीतून धूर येवक नाय" (एकाही चिमणीतून धूर आला नाही), ते म्हणाले. मग आठवण होऊन विचारलं, "तुझा काय झाला?"

"वारो पडलो, बाबा."

"वारो वळखूक व्हयो, रे" (वारा ओळखता यायला हवा), बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी तोंड उघडणार तोच अनंताने डोळ्यांनी मला गप्प केलं.

परतताना धक्क्यावर मी त्याला खूप बोलले. खरं काय ते सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, "काय सांगू, अक्का? जन्मात पहिल्यांदा त्यांच्या शब्दावर गिरण्या थांबल्या." बोट सुटल्यावर मला रडू आलं. ओकारीचं निमित्त होतंच, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पुढच्या मोसमात ती होडी दुसऱ्याला मिळाली आणि अनंत पुन्हा नुसता सुतार राहिला. संयुक्त महाराष्ट्र झाला, तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो; मीही. पण मनातली ती बोच काही गेली नाही. बाबा शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे, आमचा अनंता होडी चांगली चालवायचा, वारा तेवढा त्याला कळत नसे. शेजारी बसलेला अनंत मान डोलवायचा.