पुरलेला आटा

मी अकोल्याचा. पायदळातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेत गेली. देशाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांची यात काही चूक नव्हती. निळं हेल्मेट घालायचं, भांडणाऱ्या दोन टोळ्यांच्या मध्ये कॅम्प टाकायचा आणि स्वतःहून गोळी चालवायची नाही, एवढं काम. माझ्याकडे कंपनीचं रेशन होतं. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर, ०७०० ला रेशन वाटप, ०९०० ला स्टोअरची तपासणी.

रेशन एक परदेशी ठेकेदार पुरवायचा. आटा एका खंडातून, डाळ दुसऱ्यातून, दुधाची पावडर तिसऱ्यातून. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मी मुदत रस्त्यातच संपायची. पोत्यावरची तारीख उलटली की माल नष्ट करायचा. कॅम्पशेजारच्या गावात वाटायला सक्त मनाई, कारण खाऊन कोणी आजारी पडलं तर जबाबदारी ठेकेदारावर आणि मिशनवर येणार. खड्डा, त्यात माल, वर फिनाइल, मग माती, फोटो, फॉर्मवर सही. कागदावर हा नियम शहाणा वाटतो. लढाईमुळे त्या गावात दोन हंगाम पेरणी झाली नव्हती.

माझ्या हाताखाली लान्स नायक मोतीराम कास्देकर होता. धारणीकडचा कोरकू आदिवासी, कमी बोलणारा. कंपनीत वऱ्हाडातले आम्ही दोघंच, म्हणून आपसात वऱ्हाडी बोलायचो. आमचा क्लार्क पुण्याचा. तो म्हणायचा, "साहेब, तुम्ही गप्पा मारताय की भांडताय, तेवढं सांगा."

त्या दिवशी चाळीस पोती आटा निघाला. तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. जेसीबीनं कॅम्पच्या तारेच्या कुंपणाबाहेर दोनशे मीटरवर आठ फूट खोल खड्डा खणला. ठेकेदाराच्या माणसानं पोती मोजली, फोटो काढला आणि हेलिकॉप्टर गाठायला निघून गेला. फिनाइलचे कॅन तसेच उभे होते. कास्देकरनं एक पोतं फाडून हात घातला.

"साहेब, आटा चांगला हाये. ना जाळी, ना वास."

मीही पाहिला. माझे वडील अकोल्याच्या धान्य बाजारात मापारी होते. चांगलं पीठ मला डोळे मिटून कळतं. ते चांगलंच होतं.

"काहून पुरून राह्यलो मंग आपण?"

"ऑर्डर हाये."

"आमच्याकडं लेकरं भुकेनं मेलेली म्या पाह्यली साहेब. हे विष टाकणं माह्याच्यानं होत नाई."

मी फिनाइलचे कॅन बाजूला सारले. मग म्हणालो, "नको टाकू. वरून हातभर माती टाक अन् चाल."

तो हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फॉर्मवर 'फिनाइल ओतले' या रकान्यापुढे मी सही केली.

दुसऱ्या दिवशी १०४० ला टेहळणी पोस्टचा रेडिओवर निरोप आला.

"खड्ड्याजवळ लोक. पन्नास-साठ. बहुतेक बायका. ओव्हर."

"हत्यारं?"

"नाही. टोपल्या आहेत. ओव्हर."

१०५२ ला पुन्हा आवाज आला. खालची पोती काढायला बायकांनी कडेनं पोखरलं होतं. रेताड जमीन. एक कड खचून दोघी गाडल्या गेल्या. तारेबाहेर जायला ड्यूटी ऑफिसरची परवानगी लागते. मी सेट उचलून ती मागितली.

"वेट. आउट," उत्तर आलं, म्हणजे थांबा.

मी सेट हातात धरून थांबलो. कास्देकर थांबला नाही. फावडं उचलून तो गेटमधून पळाला. खड्ड्यात उतरून त्यानं एकीला ओढून काढलं. दुसरीला खांद्यानं वर ढकललं, वरच्या बायकांनी तिला धरलं. तेवढ्यात समोरची कड त्याच्यावर खचली. परवानगी ११०७ ला आली. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा ११२५ झाले होते. तो गेला होता. त्या दोघी वाचल्या.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. तीन अधिकारी, समोर माझ्या सहीचा फॉर्म.

"फिनाइल का ओतलं नाही?"

मी सावधानमध्ये उभा होतो. माझं सुभेदारीचं प्रमोशन तोंडावर आलं होतं. म्हणालो, "सर, मी ऑर्डर दिली होती. कास्देकरनं पाळली नाही."

अहवालात आलं: आदेशाचं उल्लंघन, स्वतःच्या निष्काळजीपणानं मृत्यू. शौर्यपदकाची शिफारस गेलीच नाही. त्याच्या गावापर्यंत तेवढीच बातमी पोचली. प्रमोशनही मला मिळालं नाही, पण ती शिक्षा नव्हती, जागाच नव्हती.

निवृत्तीनंतर अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत मला भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला, जगाचा व्यापार आणि माणुसकी. मी आट्याची गोष्ट सांगायचो. उपाशी माणसांसमोर अन्न पुरणाऱ्या जगाला शिव्या घालायचो. टाळ्या पडायच्या. तो नियम वाईटच आहे, आजही म्हणतो. पण चौकशीपुढे मी काय बोललो ते एकाही भाषणात सांगितलं नाही. जगाची लाज काढणं सोपं असतं हो, स्वतःची काढताना जीभ टाळूला चिकटते.

यंदा मी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला खरं लिहून पाठवलं. मग धारणीची बस धरली, पुढे जीपनं त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे पोरानं तुमचा हुकूम मोडला नाई?"

"नाई बाबा. हुकूम माहाच व्हता. मी खोटं बोललो."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. काठी टेकत उठले.

"मले सांगून काय व्हते? गावाले सांगा."

त्यांनी माणसं बोलावली. शाळेपुढच्या पटांगणात मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं: लान्स नायक मोतीराम कास्देकर यांनी माझा आदेश पाळला होता. आयुष्यात एकदाच ते आदेशाची वाट न बघता तारेबाहेर गेले. मी आत उभा होतो.