स्टीलच्या डब्यावर लावलेलं स्टिकर

नोएडात बाराव्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा मी घाबरूनच असायची, शिक्षण आठवीपर्यंत, हिंदी तर चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. त्यात मुलगी अडीच वर्षांची, एकदा खिचडीतलं दाण्याचं कूट पोटात गेलं आणि ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा शेंगदाणा गेला तर जिवावर बेतेल.

खाली सोसायटीतच प्ले स्कूल होतं, पण तिथल्या मुलं सांभाळणाऱ्या दीदी सतत बदलायच्या. रोज नव्या बाईला मी काय सांगणार? माझा नवरा कंपनीत कोड लिहितो. त्यानं आत चिप असलेलं रुपयाएवढं स्टिकर आणलं, जावास्क्रिप्टमध्ये एक वेबपान केलं, ते शाळेच्या फोनवर टाकलं. पानावरचं बटण दाबून फोन स्टिकरला टेकवला की फोन हिंदीत बोलायचा, "बच्ची को मूंगफली बिल्कुल मत दीजिए."

"तुमच्यापेक्षा गोड बोलतो हो," मी म्हटलं.

"मग त्यालाच रोज डबा करून दे!"

स्टिकर मुलीच्या प्लास्टिकच्या डब्यावर होतं. तो हळदीनं पिवळा पडला म्हणून लोहडीच्या, म्हणजे इकडच्या संक्रांतीआधीच्या सणाच्या, सकाळी मी स्टीलचा काढला, स्टिकर अलगद सोडवून त्यावर लावलं, निघाले.

शाळेच्या दारात नवीन दीदी. तिनं फोन टेकवला, काही नाही. पुन्हा टेकवला, काहीच नाही.

"नहीं चल रहा, भाभीजी. छोड़ो, हो जाता है."

आणि तिच्या मागं बुटक्या टेबलावर लोहडीला वाटायच्या परातभर रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा, मुलगी केव्हाच आत पळालेली, हात परातीकडे. मला कसलं हिंदी आणि कसलं काय, मी ओरडलेच, "दीदी, वो मूंगफली खाया तो मर जाएगी! उठाओ!"

दीदीनं आधी मुलीला उचललं, मग परात कपाटावर ठेवली. "अरे भाभीजी, पहले बोलना था ना!" म्हणाली, आणि स्वतः झाडू घेऊन सांडलेली टरफलं काढली.

मी शाळा सुटेपर्यंत पायरीवरच बसले. तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"स्टीलवर लावलंस? धातूवर नाही चालत गं ते."

"मग आधी सांगायचं ना!"

"तू डबा बदलशील हे मला काय माहीत?" मग लगेच म्हणाला, "तिनं खाल्लं नाही ना काही?"

"नाही. नाचतीये आत."

"बघ ना पुन्हा एकदा."

मी उठून खिडकीतून पुन्हा बघितलं.