चुना न धरणारा दगड

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, वाघाने नेलेल्या माणसांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण एका दगडाच्या चोरीची फिर्याद अजून डोक्यातून जात नाही, आणि आठवली की या वयातही तिडीक उठते. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. बरेच जण आज हयात नाहीत आणि त्यांची मुलंबाळं याच मुलखात राहतात.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. राजधानी अजून नागपूरच होती, आणि आज ज्याला गडचिरोली जिल्हा म्हणतात तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत होता. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे एक कौलारू घर, एक हवालात आणि समोर मोठं आवार. आवारात उभं राहिलं की समोरचा पहाड दिसायचा. पहाडावर एक जुनं दगडी देऊळ होतं, आणि भोवती गोंड राजांच्या वेळचा पडका परकोट. सरकारने ते सगळं संरक्षित केलेलं होतं. म्हणजे काय, तर पायथ्याशी एक लोखंडी पाटी ठोकली होती. इथे कशालाही धक्का लावणं, तेल-शेंदूर फासणं हा गुन्हा आहे, असं तिच्यावर लिहिलेलं. खालच्या गावात वाचता येणारं कोणी नव्हतं.

देवळाच्या दाराशी एक उभी शिळा होती. तिच्यावर बाईची मूर्ती कोरलेली होती. गावचे गोंड तिला माय म्हणत. दर साल पेरणीआधी गावचा भुमक, म्हणजे त्यांचा पुजारी, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल तिला चोपडायचा आणि धानाचं बी तिच्यापुढे ठेवायचा. ते झाल्याशिवाय गावात कोणी बियाण्याला हात लावत नसे. पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन ती शिळा काळीकुट्ट झाली होती.

एका उन्हाळ्यात पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला आले आणि पहाड उतरून तणतणत थेट ठाण्यात शिरले. माय जागेवर नव्हती. परकोटाचे घडीव दगडही गेले होते. फिर्यादीत त्यांनी भुमकाचं नाव घातलं. आदल्या साली साहेबांनी त्याला तेल लावताना धरून दम दिला होता, आणि या पठ्ठ्याने त्यांच्यादेखतच दुसऱ्यांदा तेल लावलं होतं. साहेबांच्या मनात ते बसलं होतं.

भुमकाला आणलं. वाळक्या अंगाचा म्हातारा, पण मान ताठ. साहेब खुर्चीत बसलेलेच होते.

"मूर्तीला तेल लावलंस?" मी विचारलं.

"लावलं ना जी. माह्या बापानं लावलं, आज्यानं लावलं."

"पाटी पाहिली नाहीस?"

"पाह्यली. थे पाटी आत्ता आली, सायब. माय पयलेपासून हाये."

"मग मूर्ती कुठे आहे?"

"थेच तं मी इचारून राह्यलो! राखण सरकारची ना? मंग माही माय कुठी हाये?"

साहेब लालबुंद झाले. मी म्हाताऱ्याला समजुतीने सांगितलं, "पुन्हा तेल लावणार नाही एवढं कबूल कर, बाकी मी पाहतो."

"काऊन कबूल करू? उद्या सोडलं तं उद्याच लावन."

खरा चोर लहान गुन्हाही नाकारतो आणि मोठाही नाकारतो. जो लहान गुन्हा ओरडून सांगतो, त्याच्या हातून मोठा झालेला मी क्वचितच पाहिला. पण फिर्याद नावानिशी होती, साहेबांची वरपर्यंत ओळख होती. नाइलाजाने मी म्हाताऱ्याला हवालातीत घातलं.

झालं! दुसऱ्या दिवशी गावच्या बाया आवारात येऊन बसल्या. प्रत्येकीपुढे बियाण्याची टोपली. हवालदार खेकसला, "बायांनो, इथे काय बाजार भरला? घरी जा, पेरणीचे दिवस आले."

त्यातली एक म्हातारी म्हणाली, "भुमकाबिगर बी हालत नाई, भाऊ. त्याले कोंडलं तं आमचा हंगामच कोंडला तुमी."

रडारड नाही, घोषणा नाही. टोपल्या घेऊन नुसत्या बसून राहिल्या, रोज. तिकडे जिल्ह्याहून डीएसपी साहेबांचा निरोप आला की आरोपी हातात आहे, तर चालान का पाठवत नाही? चालान, म्हणजे आरोपपत्र, गेलं असतं तर म्हातारा चांद्याच्या जेलात गेला असता आणि गावाचं शिवार पडीत राहिलं असतं. मी उत्तर पाठवलं, तपास अपुरा आहे. अपुरा म्हणजे काय, मुळात सुरूच झालेला नव्हता!

बाजाराच्या दिवशी बांगड्या विकणारे एक चाचा ठाण्यावर टेकले. हे मुसलमान गृहस्थ टोपली घेऊन गावोगाव फिरायचे. बायांची ती रांग पाहून त्यांना राहवलं नाही.

"साहब, एक पुसू का? या पहाडावर धान कधीपासून पिकायले लागलं?"

"पहाडावर कुठलं धान, चाचा?"

"मंग तणसाच्या गाड्या पहाडावरून खाली काऊन येऊन राह्यल्या होत्या? मी माह्या डोयानं पाह्यल्या. अन् बैल कसे? तोंडाले फेस! तणसानं बैलाले फेस येते का, साहब?"

मी खुर्चीतून उठलोच. धान खाली पिकतं, तेव्हा त्याचा पेंढा, म्हणजे तणीसही खालीच असायचं. पहाडावरून तणीस आणणारा माणूस तणसाखाली दुसरंच काही आणत असणार. गाड्या कोणाच्या होत्या तेही चाचांनी सांगितलं. रस्त्याच्या ठेकेदाराच्या. त्याने नुकतीच नाल्यावर मोरी बांधली होती.

हवालदाराला घेऊन मी मोरीवर गेलो. बांधकाम नवंकोरं होतं. दगडांच्या सांध्यांत चुना भरलेला, एकसारखा, पांढरा. फक्त एका दगडाभोवतीचा चुना खपल्या धरून गळून पडला होता. दगड इतरांपेक्षा काळपट होता आणि त्याच्या दर्शनी अंगावर टाकीचे ताजे घाव होते. नखाने खरवडून बघितलं, बोट वासाला धरलं. मला जे वाटायचं ते वाटलं. पण वाटणं हा पुरावा होत नाही. दगड खाणीचा आहे, असं ठेकेदार म्हणाला असता तर माझ्याकडे काय उत्तर होतं?

मोरी बांधणाऱ्या मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. तो चांद्याचा, कामात नावाजलेला, आणि पढवून पाठवलेला. सकाळपासून एकच पालुपद. "दगड ठेकेदारानं देल्ले, मी लावले. मले दुसरं काई मालूम नाई." मी दमात घेतलं, गोड बोललो, दोन्ही वाया. दुपारी त्याच्यासाठी चहा मागवला आणि त्याच्याकडे पाठ करून हवालदाराला म्हणालो, "जाऊ दे रे. मिस्त्री कच्चा आहे. चुना कालवता येत नाही त्याला. एका पुरात मोरी जाईल."

मागे ग्लास आदळल्याचा आवाज आला.

"कोण म्हणते कच्चा? साहेब, माह्या हातचा चुना आजवर निघाला नाई! साऱ्या मोरीले पाहा ना. थो एक दगडच सैतान हाये! टाकीनं तासला, राखेनं घासला, तरी अंगातून तेल सोडून राह्यला. तेलावर चुना धरन का? मी काय करू, बाप्पा!"

मी हळूच वळलो. "खाणीतल्या दगडाला तेल कोणी लावलं, मिस्त्री?"

त्याने डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि तो सगळं सांगत गेला. खाण लांब होती, पहाडावर घडीव दगड आयता पडलेला होता. ठेकेदाराने तो तणसाखाली घालून आणवला. मूर्तीचा दगड बघून मिस्त्री कचरला होता, पण ठेकेदार म्हणाला, रूप तासून टाक, मग कोण ओळखतो? माणूस चोर म्हणवून घ्यायला एक वेळ तयार होतो, अडाणी कारागीर म्हणवून घ्यायला होत नाही. हे मला त्या दिवशी कळलं आणि पुढे जन्मभर उपयोगी पडलं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. ठेकेदार जीप घेऊन आला. हसत हसत म्हणाला, "ठाणेदारसाहेब, एका गोंडासाठी कशाला तोंड काळं करून घेता? जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला बदली व्हायची."

"सिरोंच्यालाही पोलीस ठाणं आहे," मी म्हणालो, "आणि कायदा तिथेही हाच आहे. तुम्ही मोरीवर चला. पंचांसमोर दगड काढायचा आहे."

दगड निघाला. मूर्तीचा चेहरा गेला होता, हात गेले होते, सगळं सपाट. फक्त तळाशी टाकी पोचली नव्हती. तिथे दोन पावलं शिल्लक होती, पैंजण घातलेली. ओळख पटवायला मी भुमकाला आणवलं होतं. माझ्यापुढे न वाकलेला तो म्हातारा त्या पावलांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. ठेकेदाराला तिथेच अटक केली.

भुमक सुटला. पण दगड आता मुद्देमाल होता आणि मुद्देमाल ठाण्यातून हलवता येत नाही. पेरणी तर दारात उभी. मी म्हटलं, दगड आवारात उभा आहे, आवारात यायला कोणाला बंदी नाही. सगळं गाव आलं. बायांनी त्याच टोपल्या ओळीने मांडल्या. भुमक तेलाचं मडकं घेऊन पुढे झाला, तोच खात्याचे साहेब पोचले. आता पुन्हा जुंपणार, असं मला वाटलं.

साहेबांनी शिळेभोवती एक फेरी मारली, चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मला सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "गेली हो मूर्ती. आता यात शिल्प असं काही उरलं नाही. ही नुसती शिळा झाली. खटला संपला की गावाला देऊन टाका. खात्याला आता हिचा उपयोग नाही."

भुमकाने मडकं हातात धरूनच विचारलं, "म्हंजे सायब, आता तेल लावायले तुमची मनाई नाई ना?"

साहेब चष्मा पुन्हा चढवून बाजूला सरकले. म्हाताऱ्याने अख्खं मडकं शिळेवर रितं केलं. तेल पावलांवरून ओघळून ठाण्याच्या आवारात पसरलं, आणि मी गणवेशात असून मोठ्याने हसलो. त्याच दिवशी गावात धान पेरलं गेलं.

ठेकेदार थोडक्या शिक्षेवर सुटला आणि माझी खरोखरच सिरोंच्याला बदली झाली. होऊ दे. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. चोर ज्याने पकडून दिला ते तेल माझं नव्हतं आणि सरकारचंही नव्हतं. ज्याला आम्ही गुन्हा म्हणत होतो त्या तेलानेच त्या दगडाची ओळख टिकवली, टाकीच्या घावांनंतरही. राखण कशाला म्हणतात हे मी पाटीवर वाचून शिकलो नाही, त्या हवालातीतल्या म्हाताऱ्याकडून शिकलो.

निवृत्तीनंतर एकदा मी तिकडे गेलो होतो. पायथ्याची पाटी गंजून पडली होती आणि तिच्यावरचं एक अक्षरही लागत नव्हतं. शिळा गावात ऐनाच्या झाडाखाली उभी होती. मी तिला बोट लावलं, तर बोट तेलकट झालं.