फाट्यावरची अठरा मिनिटं

माझा ड्रायव्हर डिझेल चोरत नव्हता. एवढं एक वाक्य मी दोन वर्षांपूर्वी बोललो असतो तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

मी रेल्वेत होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं नागभीड जंक्शनला स्टेशन मास्तर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर तिथेच घर बांधलं. गाव मला अजूनही मास्तर म्हणतं. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, सिग्नलला किती मिनिटं उभी राहिली, हे लिहून ठेवणं माझं काम. लिहिलेली वेळ आणि माणसाचं सांगणं जुळलं नाही, की माणूस खोटा, असं मी आयुष्यभर धरून चाललो.

चारेक वर्षांपूर्वी आम्ही नवी डिझेल कार घेतली. बायकोला संधिवात आहे. दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, तिला चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे जावं लागायचं आणि एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. मी गावातल्या गावात गाडी चालवायचो. मूलच्या पुढच्या जंगलातून चालवायची माझी छाती नव्हती. म्हणून टॅक्सी स्टँडवरचा एक ड्रायव्हर त्या दिवसापुरता यायचा. चाळिशीतला, जंगलाला लागून असलेल्या गावातला गोंड माणूस, बोलायला कमी. रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, उभी असली तर हॉर्न न वाजवता ती जाईपर्यंत थांबायचा. बायको त्याच्या भरवशावर निर्धास्त असायची. दवाखान्यात ताटकळत बसणं मला जमत नाही, म्हणून मी घरी थांबायचो.

गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्याने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, कुठे थांबली, सगळं घरबसल्या दिसेल म्हणाला. पाच-सहा ठिकाणी बोट टेकवायला सांगितलं, मी टेकवलं. काय लिहिलं होतं ते वाचलं नाही; स्टेशनच्या डायरीत एक ओळ न वाचता सही न करणारा माणूस मी. बायको बाजूला उभी राहून गाडीला हळदकुंकू लावत होती. या गाडीत तू बसशील तेव्हा तू कुठे आहेस ते मला दिसत राहील, हे तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

मंगळवारी मी ओट्यावर खुर्ची टाकून फोन घेऊन बसायचो. निळा ठिपका तळोधी, सिंदेवाही, राजोली असा सरकायचा. परत ड्यूटीवर गेल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मजा यायची.

दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर गाडी डिझेल जास्त खाऊ लागली. मी चंद्रपूरच्या सर्व्हिस सेंटरला तक्रार केली. तिथल्या काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि हसून म्हणाली, "सर, गाडीत काही प्रॉब्लेम दाखवत नाही. अ‍ॅव्हरेज शेवटी चालवणाऱ्याच्या हातात असतं. गाडी तुम्ही स्वतः चालवता का?"

"ड्रायव्हर आहे."

"मग कॅमेरा बसवून घ्या. बाहेरचंही दिसतं, आतलंही. आवाजासकट. गाडी बंद केली तरी चालू राहतो."

बसवून घेतला. आरशामागे, सुपारीएवढा. आतलंही दिसतं हे मी घरी सांगितलं नाही. ड्रायव्हरने विचारलं तेव्हा म्हटलं, "अपघात झाला तर पुरावा." त्याला समोरच्या काचेतून बाहेर बघणारं भिंग तेवढं दिसत होतं.

त्या दिवसापासून मी ठिपका वेगळ्या नजरेने बघू लागलो आणि मला एक थांबा सापडला. मूलच्या अलीकडे एक फाटा आहे, मोठं मोहाचं झाड आहे, दुकान नाही, वस्ती नाही. परत येताना तिथे दर वेळी इंजिन बंद. कधी बारा मिनिटं, कधी पंधरा. शेवटच्या मंगळवारी अठरा.

गाडी लावून तो किल्ली द्यायला आला तेव्हा मी विचारलं, "फाट्यावर काऊन थांबतोस रे?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "देवाले पाला टाकतो, मास्तर."

आमच्याकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर अशा जागा असतात. जाणारा येणारा उतरतो, एखादी डहाळी मोडून देवापुढे टाकतो, तिथे पाल्याचा ढीग साचलेला असतो. त्याच्यासारखा माणूस थांबत असेल यात नवल नव्हतं. पण ती जागा मला ठाऊक होती. ती फाट्याच्या दोन किलोमीटर पुढे आहे. आणि डहाळी टाकायला अठरा मिनिटं लागत नाहीत.

आत जाऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "माही कंबर अवघडते. मीच थांबवाले सांगतो त्याले."

"तो तर देवाचं नाव सांगतो."

"सांगत असन काही. तुमी कायले त्याच्या मागं लागले?"

एका थांब्याची दोन कारणं. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेलो. सात-आठ जण चहा पीत उभे होते, तोही होता. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "अठरा मिनिटांत किती डिझेल निघते रे? पुढच्या मंगळवारपासून येऊ नको." कोणीतरी हसलं. त्याने माझ्याकडे बघितलं, ग्लास खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, "बाईले दवाखान्यात कोन नेईन?" मला तो निर्लज्जपणा वाटला.

दोन दिवसांनी घरी बायको म्हणाली, "त्याले परत बोलवा. मी सांगून राह्यली ना, त्यानं काई नाई केलं." मी म्हटलं, तू कोणाचीही बाजू घेतेस.

आठवड्याने मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून सर्व्हिस सेंटरला गेलो. मला पक्का पुरावा हवा होता. कॅन उतरवताना, नळी लावताना तो दिसला असता की माझं समाधान झालं असतं. गाडीही दाखवायला नेली होती, दुसरा ड्रायव्हर घेऊन. काउंटरवरच्या बाईने कार्ड लावलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि शेवटचा मंगळवार काढला.

पडद्यावर आमच्या गाडीची मागची सीट. बायको. दार उघडलं आणि तिचा भाऊ आत येऊन तिच्या शेजारी बसला.

या माणसाला मी दहा वर्षांत बघितलं नव्हतं. आमच्या मुलीच्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचा मान त्याचा, मामाचा. त्याचा ट्रॅक्टर वाटेत फसला आणि मुहूर्त आला. मी शेजारच्या एकाला मामा करून मुलीला उभं केलं. हा सात मिनिटांनी पोचला, चिखलाने भरलेला. चार लोकांत मी त्याला म्हटलं, "गाडी कोनासाठी थांबत नाई." तो न जेवता गेला. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही. मी काढू दिलं नाही.

पडद्यावर तो पिशवीतून एकेक काढत होता. लाखोळीची डाळ, वांगी, जवस. माझी बायको हसत होती. तशी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मास्तर कसे आहेत?" भावाने विचारलं.

"मास्तर का, टाइमावर खातेत, टाइमावर झोपतेत. मागची लाखोळी दोनदा मागून खाल्ली. कुठून आणली, मनले. म्या म्हटलं, चंद्रपूरच्या बजारातून."

दोघं हसले. बाहेरून ड्रायव्हरचा आवाज आला, "बाई, बसा आरामात. मी रस्त्याकडं पायतो."

"अन् त्याईनं इचारलं तं?"

"मी म्हनन, देवाले पाला टाकत होतो."

"तुह्या देवाले कायले खोट्यात ओढतं रे?"

"तो नाई रागावत, बाई. आपला रागीट देव घरी बसला आहे."

पुन्हा तिघं हसले. माझ्या मागे सोफ्यावर गाड्या द्यायला आलेले लोक बसले होते, त्यांच्यातलाही एकजण हसला. काउंटरवरची बाई पडद्याकडे बघत नव्हती, नखाने टेबल खरवडत होती. मी म्हटलं, "बंद करा."

तेवढ्यात आतून मेकॅनिक आला. मागचं डावं चाक जाम आहे म्हणाला. सर्व्हिसिंगला ब्रेक घट्ट बसला, चाक तेव्हापासून घासत चाललंय, म्हणून डिझेल जास्त लागतं. वॉरंटीत करून देतो, सर. बाईने माझ्यासाठी पाणी मागवलं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. ड्रायव्हर निर्दोष आहे म्हणायचं तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं, आणि तुझं हसणं मी सात अनोळखी माणसांत बसून ऐकलं, हे बायकोला सांगायची हिंमत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू. कॅमेरा काढून टाकला आणि बिघडला म्हणून सांगितलं. स्टँडवरून जाताना दुसऱ्या बाजूने जाऊ लागलो. चोर म्हटल्यावर त्याला लग्नाची, दवाखान्याची भाडी मिळेनाशी झाली. सहा महिन्यांनी तो बायकोमुलांना घेऊन मुलचेऱ्याकडे सासुरवाडीला गेल्याचं कानावर आलं. माझ्या बायकोने चंद्रपूरचं औषध बंद केलं, गावातल्याच डॉक्टरच्या गोळ्या घेऊ लागली. लाखोळी घरात येईनाशी झाली, आणि ती का येत नाही हे मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

गाडी उभी राहून राहून खराब होऊ लागली तेव्हा मागच्या वर्षी विकली. घेणारं कुटुंब ब्रह्मपुरीकडचं, नवरा-बायको आणि एक म्हातारी. कागद झाले, किल्ल्या गेल्या. पण माझ्या फोनमधला ठिपका गेला नाही. मी सर्व्हिस सेंटरला दोनदा फोन केला, होऊन जाईल म्हणाले. तोवर रोज सकाळी ठिपका दिसायचा. ते लोक शेतावर गेले, बाजारात गेले, कोणाच्या तरी घरी तीन तास थांबले. एक दिवस ठिपका गावाबाहेर, नकाशावर काही नसलेल्या जागी उभा राहिला आणि मी मनात म्हटलं, इथे काऊन थांबले असतील हे?

फोन खाली ठेवला. पुन्हा तेच, अनोळखी लोकांवर.

त्या दुपारी नव्या मालकाला फोन करून सगळं सांगितलं आणि माझ्या फोनमधूनही आणि गाडीतूनही ते अ‍ॅप काढून घेतलं. मग बायको तांदूळ निवडत बसली होती तिथे जाऊन बसलो आणि फाट्यापासून सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचंही. ती सूप हलवत राहिली. तिने विचारलं, "मी काय काय बोलली होती, सारंच आयकलं?"

"हो."

"रागीट देवाचंबी?"

"हो."

तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "मले वाटलं, त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या घरावर माह्यापायी पानी फिरलं. दोन वर्ष मले झोप नाई लागली नीट. अन् तुमाले मालूम होतं." सूप बाजूला ठेवून ती उठली. "आधी त्याच्याकडं जा. माह्याशी मंग बोला."

तीन एसटी बदलून मी मुलचेऱ्याला गेलो. तो एका धान व्यापाऱ्याचा पिकअप चालवत होता. गिरणीबाहेर, पोत्यांच्या सावलीत मी त्याला सांगितलं. पाठ केलेलं होतं, तरी मध्ये दोनदा अडखळलो.

"तू तेव्हाच का नाही बोललास?" मी शेवटी विचारलं.

"बाईनं सांगू नको मनलं होतं." जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाला, "मास्तर, इथी येऊन काऊन सांगता? इथी मले कोनी चोर म्हनत नाई. जिथी म्हनलं तिथी सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, मी स्टँडवर गेलो. काही चेहरे तेच होते. म्हटलं, त्याने डिझेल चोरलं नव्हतं, चाक जाम होतं. मला आठवड्यात कळलं होतं आणि मी लपवलं. तो का थांबायचा ते सांगणार नाही, तो आमच्या घरच्या बाईचा प्रश्न आहे, आणि त्यात त्याचा मोठेपणाच होता. मग एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, दोन वर्ष लेट!" सगळे हसले. मला तिथून लगेच निघायचं होतं, पण उभा राहिलो. आणखी दोघांनी बोलून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

बायको आता एसटीने चंद्रपूरला जाते. पायरी कंडक्टर चढवून देतो. येताना फाट्यावर उतरते आणि मागच्या गाडीने येते. मीही येऊ का, भावाची माफी मागतो, असं एकदा म्हटलं. म्हणाली, "त्याच्या घरी जाऊन मागा. झाडाखाली येऊ नका." गेलो होतो. बसायला पाट दिला, जेवायला नाही. ते बरोबरच होतं.

परवा ड्रायव्हरचा फोन आला. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"मास्तर, तिथल्या स्टँडवरचा एकजन फोन करून राह्यला मले. लग्नाचं भाडं आहे मनते, चार दिवस. नवरदेवाची गाडी."

"मग? येतोस?"

"तुमी काय सांगतलं त्याईले?"

मी स्टँडवर जे बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. मागे गिरणीचा आवाज येत होता.

"बाईचं नाव नाई घेतलं ना?"

"नाही."

"मंग येतो," तो म्हणाला.