दोन थापा म्हणजे चल

वडील पहिल्यांदा अमेरिकेत आले त्या उन्हाळ्यात मी एक भलंमोठं ट्रेलर-घर विकत घेतलं. आत ओटा, पलंग, संडास, सगळं. ते माझ्या पिकअप ट्रकला जोडायचं आणि वडिलांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं, असा माझा बेत. व्यवहार झाल्यावर बायकोने लायसन्सची पुस्तिका वाचली आणि शांतपणे सांगितलं की एवढं जड धूड ओढायला साधं लायसन्स चालत नाही. त्याची लेखी परीक्षा वेगळी, चालवण्याची वेगळी. आधी कळस मग पाया, ही माझी जुनीच खोड. वडिलांचं परतीचं तिकीट पाच आठवड्यांवर होतं.

लेखी परीक्षा पास झालो. इंजिनिअर माणूस, घोकंपट्टी हाडात मुरलेली. अडलं ते रिव्हर्सला. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते शेजारचे म्हातारे गृहस्थ रविवारी तो सांता क्लारातल्या आमच्या कंपनीच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आणून द्यायचे आणि सावलीत पेपर वाचत बसायचे. मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा, आणि मी त्यालाच शिव्या घालायचो.

पहिल्या रविवारी वडील कडेला उभे राहून बघत होते. त्यांनी एकतीस वर्षं सरकारी लाल गाडी चालवली, तीही घाटात. माझ्या इथल्या मित्रांना हे माहीत नव्हतं. ‘ट्रान्सपोर्ट खात्यात ऑफिसर होते’ असं मी सांगून ठेवलं होतं, आणि विमानतळावरून घरी येतानाच वडिलांनाही तसं बजावलं होतं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी ‘काका, तुम्ही कशात होता?’ असं विचारलं की ते ‘ट्रान्सपोर्टमध्ये’ एवढंच म्हणत आणि खाली बघून जेवायला लागत. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

अर्ध्या तासाने ते ट्रकच्या खिडकीशी आले.

"हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर," ते म्हणाले. "शेपूट जिकडं न्यायचं, तिकडं हात ने."

मग ते मागे जाऊन उभे राहिले. लाल गाडीत कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. इथे घंटा नव्हती, म्हणून ते ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारायचे. एक थाप, थांब. दोन थापा, चल. दोन रविवारांत ट्रेलर माझं ऐकायला लागला.

परीक्षा घ्यायला एक बाई होत्या. रिव्हर्सच्या वेळी त्या खाली उतरून मागे उभ्या राहिल्या. ट्रेलर खुणेसाठी मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंच्या मधोमध अगदी नीट आला. ‘बास, पुरे’ म्हणून त्यांनी पत्र्यावर दोनदा थापटलं. मी आज्ञाधारकपणे आणखी मागे घेतला आणि शेवटचा शंकू आडवा केला. नापास.

वडील बायकोबरोबर बाकावर बसले होते. तिथे जाऊन मी सगळा राग त्यांच्यावर काढला.

"ही तुमची लाल गाडी नाही, बाबा. तुमचं ते ड्रायव्हर-कंडक्टरचं इथे चालत नाही."

ते नुसतं "बरं" म्हणाले. पुढच्या रविवारी सरावाला आले नाहीत. पाय दुखतात म्हणाले. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तिचं बरोबरच होतं.

दुसऱ्या परीक्षेला बायकोने त्यांना आग्रहाने आणलं. बाई त्याच. सुरुवात करण्याआधी मी त्यांना विनंती केली की पत्र्यावर थापटू नका, तोंडाने सांगा. मी शिकलो तिथे दोन थापांचा अर्थ ‘चल’ असा होतो. कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. ‘इंडियात’ म्हणून सुटता आलं असतं.

"माझ्या वडिलांकडे," मी बाकाकडे बोट करून इंग्रजीत म्हटलं. "ते बस ड्रायव्हर होते."

पास झालो. कागदावर सही करून बाई बाकाशी गेल्या आणि किती वर्षं बस चालवली, ते त्यांनी वडिलांना विचारलं. वडील उठून उभे राहिले.

"थर्टी वन इयर्स," ते म्हणाले. "नो अ‍ॅक्सिडेंट."

इथे आल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

घरी जाताना ते ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसले. वाटेत म्हणाले, "शनिवारी तुझ्या मित्रांकडं जेवायला जायचंय ना. तिथं मी कोण आहे?"



"ड्रायव्हर," मी म्हटलं. "तुम्ही नका सांगू, बाबा. मी सांगतो."