रडक्या गाण्यांचे भाऊजी

दुःखी गाण्यांवर इतक्या आनंदात जगणारा माणूस या पृथ्वीतलावर माझ्या नवऱ्याच्या मावसभावाखेरीज दुसरा नसावा. भाऊजी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात आणि कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या यंत्रांमधली थरथर मोजायची नोकरी करतात. वय पंचेचाळीस, प्रकृती ठणठणीत. लग्न केलेलं नाही, त्यामुळे डोक्याला ताप नाही. तरीही रोज सकाळी पोह्यांबरोबर चार अमेरिकन पोरांचं प्रेमभंगाचं गाणं ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. या प्रकाराला इमो म्हणतात, म्हणजे मनात जे काही साचलं असेल ते लाजलज्जा सोडून गिटारवर ओतायचं. त्या बँडचं नाव मी सांगत नाही, कारण ते एका अख्ख्या वाक्याएवढं लांब आहे आणि मला अजून धड पाठ झालेलं नाही.

बँडचा इतिहास मात्र मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल, इतक्या वेळा तो आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला आहे. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या कुठल्याशा गावातली कॉलेजची पोरं. एकाच्या घराच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी यांची तालीम चालायची. पहिल्या अल्बममध्ये त्यांनी नुसता आरडाओरडा केला. दुसऱ्यात एकदम शहाणी होऊन हळू आवाजात गायली, दोन गिटारी एकमेकींत गुंफल्या, मध्येच एक उदास ट्रम्पेट आणलं आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तिसऱ्यात व्हायोलिनं घातली आणि त्याच लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. बँड फुटला. एक जण दातांचा डॉक्टर झाला, एक छपरं दुरुस्त करू लागला. मग पुष्कळ वर्षांनी इंटरनेटवर नव्या पोरापोरींना तो दुसरा अल्बम सापडला आणि हे चौघे टक्कल आणि पोटं घेऊन पुन्हा उभे राहिले. हे सांगताना भाऊजींचा आवाज भरून येतो. तिसऱ्या अल्बमबद्दल तर त्यांच्यासमोर ब्र काढायची सोय नाही. "वहिनी, घरातलं एखादं मूल मार्कांत मागे पडलं, तर कुणीतरी त्याची बाजू घ्यायला नको का?" असं म्हणून ते दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतात.

त्यांनी मला पहिल्यांदा हे संगीत ऐकवलं तेव्हा कुणीतरी गिटार जुळवत बसलंय असं वाटून मी थांबून राहिले. बऱ्याच वेळाने म्हटलं, "गाणं सुरू झालं की सांगा हं." भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, ते संपत आलंय." या बँडच्या प्रत्येक गाण्याला गिटारच्या तारा वेगळ्या सुरांत लावाव्या लागतात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांना एक गाणं वाजवायला दिलं होतं. ते खुर्चीवर बसून एकेक तार पिळत राहिले, निवेदिकेने तीन विनोद सांगून संपवले, आणि तारा एकदाच्या लागल्या तोवर लोक जेवायच्या रांगेत उभे होते. भाऊजींना त्याचं काहीच वाटलं नाही. "जुळवणं चांगलं झालं," म्हणाले. ओरडायच्या ओळींचा सराव ते सायकलवर करतात, तोही समोरून वारा असताना, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही अशी त्यांची समजूत आहे. एकदा कालव्याकाठी कुत्रं फिरवणाऱ्या एका डच आजींनी त्यांना थांबवून डॉक्टरांना फोन करू का, असं काळजीने विचारलं होतं.

आणि मग एका वर्षी माझी आई गेली. मी साताऱ्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य झालं, परत आले, कामाला लागले, आणि मला रडूच आलं नाही. लोक भेटायला यायचे, सावरलीस हो छान, असं म्हणून जायचे. नवरा घाबरला होता, कारण मी बोलेनाशी झाले होते. भाऊजी रविवारी येत आणि नुसते शेजारी बसत. एके दिवशी म्हणाले, "इथे जवळ ब्रेडाला बँड येतोय. शेवटचा दौरा आहे. तुम्ही चला." त्यांचं सगळ्यांत लाडकं गाणं त्यांनी जन्मात प्रत्यक्ष ऐकलेलं नव्हतं, आणि ट्रम्पेटने सुरू होणारं ते गाणं बँड अगदी शेवटी वाजवतो, हे त्यांनी मला ट्रेनमध्ये सांगितलं. इतके खुशीत होते की मला नाही म्हणवलं नाही.

हॉलमध्ये माझ्या पुढे सगळे सहा फुटी डच. भाऊजींनी माझ्या हातात कानात घालायचे बोळे ठेवले. कार्यक्रम संपत आला तेव्हा एका गाण्यात बँड वाजवायचा थांबला आणि नुसते लोक गाऊ लागले, बेसूर, पण एकजीव. आणि भाऊजींनी, पन्नास वेळा आरतीत उभं राहिलेल्या माणसाच्या सवयीने, टाळ्या धरल्या. तीच आपली आरतीची टाळी. शेजारच्या दाढीवाल्याने ती उचलली, मग पुढच्या रांगेने. माझेही हात आपोआप वाजू लागले. गौरींच्या आरतीला आई अशीच टाळी धरायची आणि हळूहळू लय वाढवत सगळ्यांना दमवायची. मला एकदम हुंदका फुटला, आणि तो आवरेना.

भाऊजींनी काही न विचारता मला दंडाला धरून बाहेर आणलं. सायकली लावायच्या जागेपाशी एका कठड्यावर मी बसले आणि पोटातून रडले. आत टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ते ट्रम्पेट सुरू झालं. मी कशीबशी म्हणाले, "भाऊजी, तुमचं गाणं. जा तुम्ही." ते हलले नाहीत.

बँड त्यानंतर कायमचा थांबला. भाऊजींनी त्या संध्याकाळचा विषय पुन्हा कधी काढला नाही आणि मलाही त्यांचे नीट आभार मानता आले नाहीत, कारण मानायला गेले की ते तिसऱ्या अल्बमवर घसरतात. पण मी त्यांचे उपकार विसरणार नाही. ज्या गाण्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली, ते भिंतीपलीकडे वाजत होतं, आणि ते माझ्याशेजारी बसून विचारत होते, "वहिनी, आई कशा होत्या हो? मला नीट सांगा."